शीर, मज्जा, चेता : एका शरीरसंस्थेच्या नावांचा इतिहास



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालविली जाते त्यांनी या शाळेत वर्षानुवर्षे शरीरशास्त्र शिकविले, आणि मी महाविद्यालयात मराठी शिकविली. त्यांच्या व माझ्या शेताला सामाईक असा एखादा बांध असेल तर त्यावर उभे राहून आज बोलावे, असे मनात होते. तो बांध मला मज्जासंस्थेच्या नावांत सापडला. विषय शरीराचा आहे, पण मी त्याच्याकडे शब्दांच्या वाटेने जाणार आहे. माझा पीएच.डी.चा अभ्यास एकोणिसाव्या शतकातील मराठी गद्याचा असल्यामुळे मला दुसरी वाट ठाऊकही नाही.

१९५६ साली भोपाळ राजधानी झाले आणि नागपूर, ग्वाल्हेर, इंदूर येथून सरकारी नोकरीतील मराठी कुटुंबे येथे येऊन स्थिरावली. अशा कुटुंबातील आजचे मूल शाळेत ‘तंत्रिका तंत्र’ असे घोकते. त्याच्या आजोबांनी ‘मज्जासंस्था’ वाचलेली असते. पुण्याला राहणारा त्याचा मामेभाऊ पाठ्यपुस्तकात ‘चेतासंस्था’ वाचतो. जुन्या शहरातील हकीमसाहेब ‘आसाब’ म्हणतात. आणि यांपैकी कोणाचीही मान अवघडली की तो ‘नस चढली’ असेच म्हणतो. एकाच वस्तूला इतकी नावे पडतात तेव्हा त्यामागे काही इतिहास असतो. तो सांगताना ती वस्तू काय आहे आणि काय करते, हेही ओघाने येईल.

प्रथम वस्तू डोळ्यांपुढे आणू. शवविच्छेदनात मांडीच्या मागील बाजूस जी मोठी चेता दिसते ती बोटाएवढी जाड, पांढरट, चिवट अशी दोरी असते. तिला मधून पोकळी नाही, तिच्यातून रक्त वाहत नाही, ती स्नायूसारखी आखडत नाही. नुसत्या डोळ्यांनी पाहणाऱ्याला तिच्यात आणि हाडाला स्नायू बांधणाऱ्या कंडरेत फरक दिसणे कठीण. मानवजात या दोरीने शतकानुशतके फसविली गेली आणि त्या फसगतीची खूण बहुतेक भाषांत अद्याप शिल्लक आहे. ग्रीकांचा ‘न्यूरॉन’ हा शब्द मुळात कंडरेचा, धनुष्याच्या दोरीचा. लॅटिन ‘नर्वस’चीही तीच कथा. अरबी ‘असब’, ज्याचे अनेकवचन आपल्या हकीमसाहेबांचे ‘आसाब’, त्याच्याही मुळाशी बांधणे, आवळणे हाच अर्थ आहे. इसवी सनापूर्वी सुमारे तीनशे वर्षे अलेक्झांड्रियात हिरोफिलसने प्रेते उघडून पाहिली आणि या पांढऱ्या दोऱ्यांपैकी काही मेंदूपासून व पाठीच्या कण्यापासून निघतात, त्यांचे काम बांधण्याचे नसून जाणीव व हालचाल पोहोचविण्याचे आहे, हे वेगळे काढले. पुढे दुसऱ्या शतकात गेलेनने जिवंत डुकराच्या मानेतील एक बारीक चेता कापून दाखविली. किंचाळणारे डुक्कर त्या क्षणी मुके झाले. प्रयोग क्रूर होता, पण आवाजाची आज्ञा मेंदूकडून येते हे त्याने सिद्ध झाले. अॅरिस्टॉटलने बुद्धीचे घर हृदयात मानले होते.

आपल्याकडेही हा वाद होता. चरकाने चेतनेचे स्थान हृदय मानले. भेलसंहितेत मात्र मनाची जागा मस्तक आणि टाळू यांच्या दरम्यान सांगितली आहे. सुश्रुताने प्रेत वाहत्या पाण्यात सात दिवस ठेवून, मग वाळ्यासारख्या तृणांच्या कुंच्याने हळूहळू घासून एकेक थर पाहण्याची रीत दिली. सातशे सिरा, चोवीस धमनी, नऊशे स्नायू अशी त्याची मोजदाद आहे. त्यातील काही धमन्या शब्द, स्पर्श, रूप, रस, गंध वाहून नेतात असे तो म्हणतो, म्हणून काही आधुनिक वैद्यांनी धमनी म्हणजेच नर्व्ह असे समीकरण मांडले; काहींनी त्यासाठी ‘नाडी’ हा शब्द उचलला. बनारस हिंदू विद्यापीठात अध्यापन केलेले आपले भास्कर गोविंद घाणेकर यांनी सुश्रुताच्या शारीरस्थानावर हिंदीतून जी विस्तृत टीका लिहिली ती या ओढाताणीत फार उपयोगी पडते. माझे मत विचाराल तर, आठवडाभर पाण्यात ठेवलेल्या देहातून मेंदूसारखी मऊ वस्तू धड हाती लागणे अवघडच. जुन्यांनी जे पाहिले ते मोठ्या निष्ठेने पाहिले, पण जे पाण्यात विरले ते त्यांना दिसले नाही. त्यांच्या शब्दांवर आजचे ज्ञान लादण्यात त्यांचा गौरव होतो असे मला वाटत नाही.

‘स्नायू’ शब्दाची गंमत तर पुढेच आहे. संस्कृतात स्नायू म्हणजे बांधणारी दोरी. बंगाली माणसाने तो शब्द नर्व्हला दिला. मराठीने तो आखडणाऱ्या मांसपेशीला दिला. हिंदीच्या शास्त्रीय परिभाषेत तो हाडाला हाड बांधणाऱ्या बंधाला गेला. कोलकात्याचा, पुण्याचा आणि भोपाळचा असे तीन विद्यार्थी एका बाकावर बसवून ‘स्नायू दुखतो’ असे म्हटले, तर ते तिघे शरीराच्या तीन निरनिराळ्या भागांवर बोट ठेवतील. आपल्या बोलीत तर ‘शीर’ या एकाच शब्दाने सगळे भागते. सुईने रक्त काढावयाची ती शीर, पोटरीत आखडते ती शीर आणि कंबरेतून टाचेपर्यंत दुखते तीही शीरच. हिंदी ‘नस’ हुबेहूब तशीच.

‘मज्जा’ हा शब्द या कथेत कोठून आला, हे मराठीच्या अभ्यासकाला विशेष कुतूहलाचे आहे. आयुर्वेदातील सात धातूंपैकी सहावी ती मज्जा, म्हणजे हाडांच्या पोकळीतील स्निग्ध गर. मेंदूच्या द्रव्याला सुश्रुताने ‘मस्तुलुंग’ असा वेगळा शब्द योजला आहे. मग हाडातला गर नर्व्हच्या नावात कसा शिरला?

याचे उत्तर एकोणिसाव्या शतकातील मुंबईकडे बोट दाखविते. १८२६ साली तेथे एतद्देशीयांसाठी वैद्यकशाळा निघाली. जॉन मॅक्लेनन हे तिचे प्रमुख होते आणि त्यांनी मराठीतून वैद्यकाची पुस्तके तयार करविण्याचा उद्योग आरंभिला. ही शाळा १८३२ साली बंद पडली. १८४५ साली ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झाले, १८५१ साली त्याची पहिली तुकडी बाहेर पडली, आणि तीत रामकृष्ण विठ्ठल लाड, म्हणजे आपले भाऊ दाजी, होते. शिक्षण इंग्रजीतून होते, पण खेड्यापाड्यांच्या दवाखान्यांसाठी हाताखालची माणसे हवी होती. म्हणून १८६० नंतरच्या काळात कॉलेजला जोडून मराठी व गुजराती वर्ग चालू झाले. तेथे शिकविणाऱ्या मंडळींपुढे प्रश्न रोकडा होता. समोर टेबलावर प्रेत आहे, हातात इंग्रजी पुस्तक आहे, आणि विद्यार्थ्याला मराठीत सांगावयाचे आहे की ही पांढरी दोरी म्हणजे काय. ‘शीर’ म्हणून चालणार नव्हते, कारण शेजारी रक्ताची शीर होती.

अशा वेळी त्या पिढीने मूळ शब्दाच्या घरात जाऊन पाहिले असावे. लॅटिनमध्ये ‘मेडुला’ म्हणजे हाडातील गर. आणि पाठीच्या कण्यातून जाणाऱ्या दोराला ‘मेडुला स्पायनॅलिस’ म्हणत. जुन्या इंग्रजीतही त्याचे नाव कण्याचा गर अशाच अर्थाचे होते. कारण उघड आहे : कवटी हाडाची, कणा हाडाचा, आणि त्यांच्या आत मऊ पदार्थ. हाडाच्या आत जे मऊ असेल ती मज्जा. म्हणून मज्जारज्जू, त्याचे फाटे ते मज्जातंतू, आणि सगळी मिळून मज्जासंस्था. फारसीतही ‘मग्ज’ म्हणजे मेंदू, हाडातला गर आणि फळातला गरही. आपण बदामाचा मगज म्हणतो आणि मगजमारीही करतो, त्या दोहोंचे मूळ एकच. आणि ‘मेंदू’? कन्नडात ‘मेदुळु’, तेलुगूत ‘मेदडु’ आहे. तेव्हा हा शब्द दक्षिणेकडील शेजाऱ्यांशी नाते सांगणारा असावा असे मला वाटते.

पुढच्या पिढ्यांना ‘मज्जा’ खटकू लागली. अस्थिमज्जेत रक्तपेशी तयार होतात हे कळल्यावर एकाच शब्दाने दोन अगदी वेगळ्या वस्तू दाखविणे गैरसोयीचे झाले. वाईच्या मराठी विश्वकोशाने ‘तंत्रिका तंत्र’ स्वीकारले, शालेय पुस्तकांनी ‘चेता’ उचलली. गुजरातीत ‘ज्ञानतंतु’ आजही चालतो, आणि मला तो सुंदर वाटतो. पण ज्या दोरीतून ज्ञान येते तिच्याच शेजारच्या धाग्यांतून आज्ञाही जाते, आणि या नावात तिला जागा नाही. माझ्या कानाला ‘चेता’ अधिक रुचते. तिच्यात दोरी नाही आणि गरही नाही. तिच्यात चेतणे आहे. आणि विज्ञानाने शेवटी जे शोधून काढले ते हे चेतणेच.

आता त्या शोधाकडे वळू. रचना थोडक्यात अशी. कवटीत सुमारे १.३ ते १.४ किलो वजनाचा मेंदू, शरीराच्या वजनाचा जेमतेम पन्नासावा हिस्सा. पण विश्रांतीच्या वेळी शरीर जी ऊर्जा खर्च करते तिच्यातला सुमारे पाचवा वाटा तो एकटा घेतो. त्याच्या खाली कण्यातून सुमारे ४५ सेंटिमीटर लांबीचा मज्जारज्जू. मेंदूतून चेतांच्या १२ जोड्या निघतात, रज्जूतून ३१. मानेच्या ८, पाठीच्या १२, कंबरेच्या ५, त्रिकास्थीच्या ५ आणि माकडहाडाची १, असा हिशेब गुरुजी बोटांवर करवून घेत, हे येथे बसलेल्या पुष्कळांना आठवत असेल. प्रत्येक जोडीला दोन मुळे असतात. चार्ल्स बेलने १८११ मध्ये आणि माजांदीने १८२२ मध्ये केलेल्या प्रयोगांतून कळले की पुढील मूळ आज्ञा नेते आणि मागील मूळ जाणीव आणते. तव्याला हात लागताच तो मागे येतो, त्या वेळी निर्णय मेंदूने घेतलेला नसतो. मागील मुळाने आत गेलेला संदेश रज्जूतच वळून पुढील मुळाने बाहेर पडलेला असतो. मेंदूला वर्दी नंतर मिळते.

हा संदेश म्हणजे काय? गॅल्व्हानीने १७९१ साली बेडकाच्या पायावरील प्रयोग प्रसिद्ध केले आणि चेतेत वीज असल्याचे सुचविले. पुढे कित्येक विद्वान म्हणत की या संदेशाचा वेग मोजणे माणसाच्या आवाक्याबाहेरचे आहे. हेल्महोल्ट्झने १८५० साली तो मोजला. बेडकाच्या चेतेत तो सेकंदाला सुमारे २७ मीटर भरला. विचारापेक्षा वेगवान काही नाही असे मानणाऱ्यांना हा आकडा लाजिरवाणा वाटला असेल, कारण तो वेग धावत्या आगगाडीच्या फार पुढे नव्हता. माणसात जाड आणि मायलिनचे वेष्टण असलेल्या तंतूंतून तो सेकंदाला १२० मीटरपर्यंत जातो, तर बारीक उघड्या तंतूंतून एक-दोन मीटरच. मग गॉल्जीची चांदीची रंगक्रिया आली आणि तिच्या साहाय्याने काहालने दाखविले की ही संस्था म्हणजे एकसंध जाळे नसून सुट्या पेशींची वसाहत आहे. दोघांना १९०६ चे नोबेल एकत्र मिळाले, आणि स्टॉकहोमच्या व्यासपीठावरून गॉल्जींनी काहालच्या सिद्धांताला विरोधच केला! अलीकडच्या मोजणीनुसार मेंदूत अशा सुमारे ८६०० कोटी चेतापेशी आहेत.

सुट्या पेशी म्हटल्या की त्यांच्यामध्ये फट आली. शेरिंग्टनने १८९७ साली तिला ‘सिनॅप्स’ हे नाव दिले. ही फट संदेश कसा ओलांडतो, हे ऑस्ट्रियातील ग्राझ येथे ओटो लोवी यांनी १९२१ साली दाखविले. दहाव्या मस्तिष्क-चेतेला, म्हणजे व्हेगसला, चेतविले की बेडकाचे हृदय मंदावते. लोवींनी त्या मंदावलेल्या हृदयाभोवतीचे पाणी काढून दुसऱ्या हृदयावर सोडले, तर तेही मंदावले. म्हणजे चेतेच्या टोकातून काही द्रव पाझरत होता. तो द्रव अॅसिटिलकोलीन. यासाठी त्यांना १९३६ साली हेन्री डेल यांच्यासमवेत नोबेल मिळाले.

याच व्हेगसने त्याच दशकात मुंबईच्या एका मराठी डॉक्टरास झपाटले होते. डॉ. वसंत जी. रेळे यांनी १९२७ साली कुंडलिनीवर इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला आणि योग्यांची कुंडलिनी म्हणजे उजव्या बाजूची व्हेगस चेता, असे प्रतिपादन केले. ग्रंथाला सर जॉन वुड्रॉफ यांची प्रस्तावना आहे आणि तीत त्यांनी सौजन्य न सोडता हे मत अमान्य केले आहे. असा प्रस्तावनाकार आज मिळणे दुर्मिळ. १९३१ साली रेळ्यांनी आणखी एक पाऊल टाकून वैदिक देवता म्हणजे मज्जासंस्थेचेच भाग, असे दुसरे पुस्तक लिहिले. आज आपण हसू. पण इंग्रजी पदवी घेतलेला तो माणूस आपल्या घरातील शब्दांना टेबलावरच्या प्रेतात जागा शोधत होता, हे विसरू नये. त्याच सुमारास, १९२४ साली, लोणावळ्यास स्वामी कुवलयानंदांनी कैवल्यधाम स्थापून उलटी वाट धरली : शब्द बाजूस ठेवा, उपकरणे लावा आणि मोजा. मला ही दुसरी वाट अधिक प्रामाणिक वाटते.

व्हेगसच्या त्या द्रवाची कथा मात्र आपल्याच गावी येऊन पोहोचते. अॅसिटिलकोलीनने काम केले की तत्क्षणी त्याचा नाश व्हावा लागतो. ते काम एक विकर करते. ते बंद पाडले तर संदेश थांबतच नाही : लाळ, घाम, डोळ्यांतून पाणी, टाचणीच्या टोकाएवढ्या बाहुल्या, स्नायूंचे फडफडणे, शेवटी श्वास बंद. पश्चिम आफ्रिकेत कॅलाबार येथे आरोपीस दिव्य म्हणून जी विषारी शेंगबी खाऊ घालीत तिच्यातील इसेरीन हेच करते, हे लोवी व त्यांच्या सहकाऱ्याने १९२६ साली उलगडले. यावर उतारा अॅट्रोपीनचा, आणि त्या कुळातील द्रव्ये आपल्या उकिरड्यावरच्या धोत्र्यातही असतात. रसायनशास्त्रज्ञांनी इसेरीनच्या धर्तीवर कीटकनाशके घडविली. त्यांपैकी एक कार्बारिल. त्याचे व्यापारी नाव सेविन.

सेविन भोपाळला होत असे. युनियन कार्बाइडच्या येथील कारखान्यात मेथिल आयसोसायनेट आणि अल्फा-नॅफ्थॉल यांच्या संयोगातून ते तयार करीत. म्हणजे ज्या कारखान्याचे नाव घेताच या शहराचा श्वास अजूनही अडखळतो, त्याचे उत्पादन हे किड्यांच्या चेतासंस्थेवरील विष होते. येथे एक गल्लत टाळली पाहिजे. २ डिसेंबर १९८४ च्या रात्री आणि ३ च्या पहाटे टाकीतून जो सुमारे ४० टन वायू सुटला तो सेविन नव्हता, तर त्याच्या आधीच्या पायरीवरील मेथिल आयसोसायनेट होता. आणि त्याने प्रथम जाळले ते डोळे आणि फुफ्फुसे.

पण त्या रात्री जागे झालेल्या माणसांनी काय म्हटले? हे आता सर्वत्र नोंदलेले आहे. कोणीतरी मिरच्या जाळतो आहे, असे शेकडो लोकांना वाटले. पुढे याकडे भाबड्या माणसांची उपमा म्हणून पाहिले गेले. उपमा हा माझा व्यवसाय आहे, म्हणून सांगतो, ती उपमा नव्हती. मिरचीतील कॅप्सेसिन चेतेच्या टोकावरील ज्या दारातून शिरते ते दार १९९७ साली सापडले आणि त्या शोधासाठी डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ चे नोबेल विभागून मिळाले. त्याच जातीचे दुसरे एक दार आहे. मोहरीची झणझण त्याच्यातून कळते. येल विद्यापीठातील संशोधकांनी २००९ साली दाखविले की मेथिल आयसोसायनेट नेमके हे दुसरे दार उघडते. आणि ही दुसरी दारे बहुतांशी त्याच बारीक तंतूंवर असतात ज्यांवर मिरचीचे दार असते. डोळ्याच्या बाहुलीवरील पडद्यात, नाकात, घशात असे तंतू दाटीने पसरलेले आहेत. डोळ्यांचे आणि नाकाचे पाचव्या मस्तिष्क-चेतेकडे जातात, श्वासमार्गाचे व्हेगसकडे. जयप्रकाश नगरातील झोपडीत खोकत उठलेल्या बाईने ‘मिर्ची’ म्हटले तेव्हा तिने आपल्या चेतासंस्थेचा अचूक अहवाल दिला होता. विज्ञानाला तेथे पोहोचायला पंचवीस वर्षे लागली.

या दृष्टीने आपली बोली तपासली की आश्चर्य वाटते. बोलीला चेता हा अवयव कधीच दिसला नाही, तिने त्याला वेगळे नावही दिले नाही. पण चेतेचे कार्य तिने विलक्षण बारकाईने टिपले आहे. पायाला ठेच लागते तेव्हा आधी सणक जाते, आणि ‘आई गं’ म्हणेपर्यंत मागून ठणका सुरू होतो. सणक आणि ठणका हे दोन शब्द आहेत, कारण त्या दोन घटना आहेत : सणक आणणारे तंतू सेकंदाला पाच ते तीस मीटर वेगाने संदेश नेतात, ठणका आणणारे अर्धा ते दोन मीटर. तंतूंच्या या जाती वेगळ्या काढल्याबद्दल अर्लँगर आणि गॅसर यांना १९४४ चे नोबेल मिळाले. मांडी घालून बसल्यावर पायाला येतात त्या मुंग्या म्हणजे दबलेली चेता मोकळी होताना विनाकारण पाठवू लागलेले संदेश. लॅटिन वैद्यकातही अंगावर किडे चालल्यासारख्या जाणिवेला मुंगीवरूनच नाव आहे. तिडीक निराळी, कळ निराळी, चमक निराळी, आग निराळी, ठसठस निराळी. जाणीवच गेली तर मराठी माणूस अंगाला ‘बधिर’ म्हणतो, म्हणजे बहिरे. कातडी ऐकेनाशी झाली. कुष्ठरोगाचा जंतू चेतांच्या आवरणपेशींत राहतो हे न जाणताही गावातील म्हातारा ‘बधिर चट्टा’ ओळखीत होता. आणि अंगावर काटा, घशाला कोरड, पोटात गोळा ही तर स्वायत्त चेतासंस्थेची यादीच आहे. पाठ्यपुस्तकात भीतीची लक्षणे याहून अधिक नाहीत.

वायुगळतीनंतरच्या महिन्यांत आमच्या ओळखीच्या एका वृद्ध मराठी बाईंबरोबर दुभाष्या म्हणून मी एका दवाखान्यात काही वेळा गेलो. आजी सांगत : पायांत मुंग्या येतात, तळव्यांची आग होते, चालताना कापसावर पाय पडल्यासारखे वाटते, हातातली सुई निसटते. मी जमेल तसे हिंदीत सांगे. झुनझुनी, जलन, सुन्न. कागदावर दर वेळी एकच शब्द उतरे : कमज़ोरी. एकदा त्यासोबत ‘घबराहट’ होते. समोरच्या रांगेत दोनशे माणसे उभी होती आणि लिहिणारा तरुण दमलेला होता, हे मी पाहिले आहे. त्याला दोष देण्याचा हेतू नाही. पण आजींनी दिलेली चार वाक्ये चार निरनिराळ्या तंतूंविषयी होती. कापसावर पाय पडणे म्हणजे तळव्याचा स्पर्श वर पोहोचत नसणे. आग होणे म्हणजे बारीक तंतू विनाकारण बोलणे. ‘कमज़ोरी’ या शब्दात ती सगळी बुडाली, आणि ज्या कागदांवर पुढे पीडेची मोजदाद झाली त्यांत असे किती शब्द बुडाले असतील कोण जाणे. त्या काळात चेतासंस्थेची तपासणी झालीच नाही असे नव्हे. मुंबईचे चेताविकारतज्ज्ञ एडी भरुचा आणि नादिर भरुचा यांनी येथील रुग्ण तपासून १९८७ साली आपली निरीक्षणे प्रसिद्ध केली. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने दीर्घकालीन अभ्यास केले. तज्ज्ञ रुग्णापाशी बसला की विचारतो. पहिली नोंद मात्र तज्ज्ञ करीत नाही.

१६ ऑक्टोबर २०२२ रोजी याच शहरात एम.बी.बी.एस.च्या पहिल्या वर्षाची शरीररचना, शरीरक्रिया आणि जीवरसायन या विषयांची हिंदी पुस्तके प्रकाशित झाली. त्यांवर पुष्कळ वाद झाला. वाक्ये हिंदी आणि संज्ञा इंग्रजी, फक्त देवनागरीत, अशी थट्टाही झाली. मला त्यात थट्टेचे फारसे कारण दिसत नाही. ‘नर्वस सिस्टम’ म्हणावे की तंत्रिका तंत्र, मज्जासंस्था की चेतासंस्था, हा वाद दीडशे वर्षांचा आहे आणि या नावांपैकी प्रत्येकाने आपापले काम केले आहे. मला हवे होते ते दुसरेच पान : रुग्ण ‘झुनझुनी’ म्हणतो तेव्हा कोणत्या तंतूची शंका घ्यावी, ‘सुन्न’ आणि ‘भारी’ यांत तो काय फरक करतो, ‘नस चढली’ असे म्हणून तो मानेकडे बोट दाखवतो की पोटरीकडे. ग्रँट कॉलेजच्या मराठी वर्गातील शिक्षकांपुढे विद्यार्थी होता, म्हणून त्यांनी विद्यार्थ्यासाठी शब्द घडविले. रुग्णाचे शब्द कोणी घडवावयाचे नाहीत. ते आहेतच, उतरून घ्यावयाचे आहेत.

ते काम मी निवृत्तीनंतर हाती घेतले आहे. वेदनेचे आणि जाणिवेचे मराठी शब्द, त्यांपुढे भोपाळी हिंदी-उर्दूतील आणि बुंदेलीतील प्रतिशब्द, आणि शक्य तेथे तो शब्द कोणी, शरीराच्या कोणत्या भागाविषयी वापरला याची टीप, अशी एक वही तयार झाली आहे. तिची एक प्रत आज शाळेच्या ग्रंथालयात ठेवीत आहे. उजवीकडचे पान मी मुद्दाम कोरे सोडले आहे. माजी विद्यार्थ्यांत डॉक्टर आहेत, परिचारिका आहेत, औषधांची दुकाने चालविणारे आहेत. त्यांच्या कानांवर रोज जे पडते ते त्यांनी त्या पानावर लिहावे. ‘भिरभिरणे’ आणि ‘गरगरणे’ यांतील भेद मला अजून नीट लावता आलेला नाही. एकात डोके फिरते आणि दुसऱ्यात खोली, असे एका बाईंनी सांगितले आहे, पण एकाच साक्षीवर मी ते पक्के केलेले नाही.